आपल्याच बाकावरून

स्कोहेगन हे मेन राज्यातलं, केनेबेक नदीकाठचं गिरणीगाव. अमेरिकेच्या नकाशात अगदी ईशान्येच्या टोकाला बघावं, जिथून पुढे कॅनडा सुरू होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लोकरीच्या गिरण्या होत्या, बुटांचे कारखाने होते आणि वर्षातले बरेच महिने बर्फ. गावात जॉर्ज चेस यांचं न्हाव्याचं दुकान होतं. त्यांची थोरली मुलगी मार्गारेट, जन्म १४ डिसेंबर १८९७. तिच्या पाठीवर आणखी पाच भावंडं. आई कॅरी घराला हातभार म्हणून कधी हॉटेलात वाढायचं काम करी, कधी दुकानात उभी राही, कधी बुटांच्या कारखान्यात जाई. मार्गारेट बारा-तेरा वर्षांची असतानाच किरकोळ वस्तूंच्या दुकानात काम करू लागली. शाळेत असताना टेलिफोन एक्सचेंजमध्ये बदली ऑपरेटर म्हणून रात्री बसू लागली. गावातले एक वजनदार पुढारी, क्लाइड स्मिथ, वरचेवर फोन उचलून तिला किती वाजले ते विचारत. दोघांच्या वयात एकवीस वर्षांचं अंतर होतं. लग्न व्हायला १९३० साल उजाडलं.

मधल्या वर्षांत तिने जी जी कामं केली, त्यांकडे चरित्रकार घाईने बघतात. मला ती महत्त्वाची वाटतात. कॉलेजात जायला पैसे नव्हते, म्हणून ती काही महिने एका खोलीच्या शाळेत मास्तरीण झाली. मग पुन्हा टेलिफोन कंपनी. मग गावच्या ‘इंडिपेंडंट रिपोर्टर’ या साप्ताहिकात खपाची जबाबदारी, मग लोकरीच्या गिरणीच्या कचेरीत नोकरी. १९२२ साली तिने स्कोहेगनमध्ये नोकरदार आणि व्यावसायिक स्त्रियांचा क्लब उभारला आणि पुढे राज्यभरच्या अशा क्लबांच्या संघटनेची ती अध्यक्ष झाली. फोनच्या तारा, वर्गणीदारांच्या याद्या, पगाराची पुस्तकं आणि क्लबच्या बैठका यांतून तिला जे शिक्षण मिळालं, ते कुठल्या विद्यापीठात मिळालं नसतं. पुढच्या आयुष्यात विद्यापीठांनी तिला ९५ मानद पदव्या दिल्या, तरी कामाची रीत शेवटपर्यंत स्कोहेगनचीच राहिली: प्रत्येक पत्राला उत्तर, प्रत्येक दिवसाला हजेरी, आणि करणार असू तेवढंच बोलणं.

क्लाइड स्मिथ १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. मार्गारेट वॉशिंग्टनला त्यांच्या सचिव म्हणून गेल्या. पत्रव्यवहार, भाषणांची तयारी, मतदारसंघातल्या तक्रारी, सगळं त्यांच्या टेबलावरून जाई. ८ एप्रिल १९४० रोजी क्लाइड वारले. आपल्यामागे पत्नीला निवडून द्यावं, असं आवाहन त्यांनी मृत्यूपूर्वीच मतदारांना करून ठेवलं होतं. नवऱ्याच्या जागी विधवा निवडून येणं हे त्या काळात अमेरिकेत नवं नव्हतं. उरलेली मुदत भरून काढायची आणि घरी जायचं, अशी त्यामागची पक्षांची समजूत. मार्गारेट चेस स्मिथ जून १९४०मध्ये पोटनिवडणूक जिंकल्या. त्याच वर्षी पक्षांतर्गत लढतीत पुरुष प्रतिस्पर्ध्यांना हरवून त्यांनी सप्टेंबरची सार्वत्रिक निवडणूकही जिंकली, आणि त्या घरी गेल्या त्या थेट १९७३ साली.

मध्यममार्गी पुढाऱ्याबद्दल लोकांच्या मनात एक संशय कायम असतो. हा माणूस दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, उद्या पाणी कुठे वाहील ते बघून उडी मारील, असा तो संशय. बऱ्याचदा तो खराही असतो. स्मिथ यांच्या तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीकडे बघताना मात्र वेगळं काही दिसतं. त्या आयुष्यभर रिपब्लिकन होत्या, पक्ष सोडण्याची भाषा त्यांनी कधी केली नाही, आणि कठोर बोलण्याची वेळ आली तेव्हा त्या आधी आपल्याच पक्षाला बोलल्या. समोरच्या बाकावरच्यांवर तुटून पडायला धाडस लागत नाही, त्यासाठी टाळ्या मिळतात. शेजारी बसलेल्या माणसाला, ज्याच्याबरोबर उद्या समितीत काम करायचं आहे त्याला, सभागृहात उभं राहून चूक म्हणणं फार थोड्यांना जमतं. मध्यममार्गाची खरी किंमत तिथे मोजावी लागते, असं मला वाटतं, आणि स्मिथ यांनी ती किती वेळा मोजली त्याचीच ही हकीगत आहे.

सुरुवात प्रतिनिधिगृहातच झाली. महायुद्धात ब्रिटनला शस्त्रं पुरवणारा १९४१चा ‘लेंड-लीज’ कायदा बहुतेक रिपब्लिकनांना नको होता. स्मिथ यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. १९४३ साली संप रोखण्यासाठी आलेल्या कायद्याला त्यांनी विरोध केला. त्यांच्या मतदारसंघात गिरणीकामगार होते आणि त्या स्वतः गिरणीच्या कचेरीत बसलेल्या होत्या. ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी समिती १९४५ साली कायमस्वरूपी करायची ठरली, तेव्हाही त्यांचं मत विरोधात गेलं. त्या मताकडे तेव्हा फार कुणाचं लक्ष गेलं नाही. पाच वर्षांनी गेलं असतं.

पण प्रतिनिधिगृहातलं त्यांचं सर्वांत टिकाऊ काम सैन्यातल्या स्त्रियांचं. नौदल समितीच्या सदस्य म्हणून त्या पॅसिफिकमधल्या तळांवर गेल्या, तिथे परिचारिका कशा अवस्थेत काम करतात ते त्यांनी पाहिलं. युद्ध संपल्यावर सैन्याला स्त्रिया हव्या होत्या, पण राखीव दलात, म्हणजे गरज पडली की बोलवायचं आणि गरज संपली की परत पाठवायचं. ना कायमची नोकरी, ना त्याबरोबर येणारे हक्क. समितीत हा मसुदा मताला आला तेव्हा २६ विरुद्ध १ असा निकाल लागला. ते एक मत स्मिथ यांचं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: सैन्याला या स्त्रियांची गरज आहे किंवा नाही, आणि गरज असेल तर त्यांना पुरुषांसारखं कायम सेवेत घ्या. पुढे बरीच रस्सीखेच झाली, अखेर त्यांचंच म्हणणं कायद्यात आलं आणि १२ जून १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. समितीत एकटं पडलेलं मत इतक्या लवकर देशाचा कायदा होणं, हे संसदीय इतिहासात वारंवार घडत नाही.

त्याच महिन्यात त्या सिनेटच्या उमेदवारीची पक्षांतर्गत निवडणूक लढवत होत्या. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, अमेरिकेत ते पक्षाच्या मतदारांकडून मतपेटीतून मिळवावं लागतं. समोर विद्यमान गव्हर्नर होरेस हिल्ड्रेथ, माजी गव्हर्नर समनर स्यूअल आणि एक पाद्री. पैसा आणि पक्षयंत्रणा गव्हर्नरांकडे. स्मिथ यांच्याकडे क्लबातल्या बायका, स्वयंसेवक आणि ‘कामगिरी देऊन आश्वासन घेऊ नका’ अशा अर्थाची एक घोषणा. फेब्रुवारीत बँगॉर गावी बर्फावर पाय घसरून त्यांचा हात मोडला. हात बांधून घेऊन त्या त्याच संध्याकाळी रॉकलंडला ठरलेल्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या.

याच प्रचारात एक निनावी पत्रक फिरलं. काँग्रेसमधल्या एका कम्युनिस्टधार्जिण्या सदस्याची मतं आणि स्मिथ यांची मतं किती वेळा जुळली याचा हिशेब त्यात मांडला होता. ज्या ठरावांवर जवळजवळ अख्खं सभागृह एकमत होतं तेही त्यात मोजलेले. स्मिथ यांनी भर सभेत एकेका आरोपाला नोंदींसह उत्तर दिलं. निकाल लागला तेव्हा तिघा प्रतिस्पर्ध्यांना मिळून जेवढी मतं पडली, त्याहून जास्त एकट्या स्मिथ यांना होती. सप्टेंबरात त्या ७१ टक्के मतांनी सिनेटवर गेल्या. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बसलेली ती पहिली स्त्री. ते निनावी पत्रक मात्र लक्षात ठेवायला हवं, कारण दीड-दोन वर्षांत तसल्याच कागदांनी अमेरिकेचं अख्खं राजकारण वेढलं.

९ फेब्रुवारी १९५० रोजी विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग इथल्या भाषणात परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचं सांगितलं. आकडा पुढे बदलत गेला, यादी कुणाला नीट दिसली नाही, पण माणसांची नावं चिखलात लोळू लागली. सिनेटच्या सभागृहात केलेल्या वक्तव्यावर बदनामीचा खटला होत नाही, या संरक्षणाची ढाल त्यांच्यापुढे होती. स्मिथ आणि मॅकार्थी एकाच पक्षाचे, एकाच चौकशी उपसमितीत. १९५२मध्ये उपाध्यक्षपदासाठी तुमचं नाव पुढे करू, असं मॅकार्थी त्यांना म्हणत असत. स्मिथ यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की सुरुवातीला त्यांना वाटलं, या आरोपांत तथ्य असेल. म्हणून त्या कागदपत्रं बघायला गेल्या. छायाप्रती होत्या, पण आरोप आणि कागद यांचा मेळ बसेना. पगाराची पुस्तकं तपासलेल्या बाईला मेळ न बसणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं.

त्या थांबल्या. कुणी ज्येष्ठ बोलेल अशी त्यांना आशा होती. डेमोक्रॅट घाबरलेले होते, आणि रिपब्लिकन पक्षाच्या बड्या धेंडांना मॅकार्थी सोयीचे वाटत होते. अठरा वर्षं सत्तेबाहेर राहिलेल्या पक्षाला ट्रुमन सरकारवर सोडायला एक हत्यार सापडलं होतं. सिनेटमध्ये तेव्हा स्मिथ एकट्या स्त्री, पहिल्याच मुदतीतल्या, ज्येष्ठतेच्या यादीत तळाला. मेच्या अखेरच्या सुट्टीत त्या आपले सहायक बिल लुईस यांच्याबरोबर स्कोहेगनच्या घरी गेल्या आणि तिथे मजकूर तयार केला. पक्षातल्या सहा सिनेटरांनी निवेदनावर सह्या दिल्या: न्यू हॅम्पशायरचे टोबी, व्हरमाँटचे एकन, ओरेगॉनचे मोर्स, न्यूयॉर्कचे आइव्ह्ज, मिनेसोटाचे थाय, न्यू जर्सीचे हेंड्रिक्सन. पक्षनेतृत्वाला सुगावा लागू दिला नाही, नाहीतर सह्या गळाल्या असत्या.

१ जून १९५० रोजी सभागृहाकडे जाणाऱ्या छोट्या भुयारी गाडीत त्यांची मॅकार्थींशी गाठ पडली. फार गंभीर दिसताय, भाषण करणार आहात की काय, असं त्यांनी विचारलं. हो, आणि ते तुम्हाला आवडणार नाही, असं स्मिथ म्हणाल्या. पंधरा मिनिटांचं भाषण झालं. मॅकार्थी त्यांच्या मागच्याच बाकांवर बसले होते आणि त्यांचं नाव भाषणात एकदाही आलं नाही.

त्या भाषणाची रचना बघण्यासारखी आहे. ट्रुमन सरकारवर त्यांनी कडक टीका केली, त्याच्या नेतृत्वाच्या अभावाने देश गोंधळला आहे असं बजावलं. सरकार बदलायला हवं, हेही म्हटलं. मग त्या आपल्या पक्षाकडे वळल्या. जगातलं सर्वोच्च चर्चापीठ म्हणवणारी सिनेट द्वेषाचा आणि चारित्र्यहननाचा आखाडा झाली आहे, हे त्यांनी सांगितलं. टीका करण्याचा, लोकांना न रुचणारी मतं बाळगण्याचा, निषेधाचा आणि स्वतंत्र विचाराचा हक्क हाच अमेरिकी असण्याचा पाया आहे, आणि हे हक्क बजावल्यामुळे कुणाची रोजीरोटी जाता कामा नये, हेही सांगितलं. रिपब्लिकन पक्ष भीती, अज्ञान, आकस आणि बदनामी या चौघांच्या घोड्यांवर बसून विजयी झालेला मला बघायचा नाही, हे त्या भाषणातलं सर्वांत गाजलेलं वाक्य. पक्ष जिंकावा अशी इच्छा असलेली व्यक्ती पक्षाला सांगते आहे की अशा रीतीने जिंकू नका, यात त्याचं सगळं बळ आहे. विरोधी पक्षाच्या तोंडी ते वाक्य नेहमीचं वाटलं असतं.

मॅकार्थी काही न बोलता उठून गेले. नंतर मात्र त्यांनी ‘हिमगौरी आणि सहा बुटके’ अशी टिंगल सुरू केली. हे भाषण एखाद्या पुरुषाने केलं असतं तर तो पुढचा राष्ट्राध्यक्ष झाला असता, असं राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार राहिलेले बर्नार्ड बरूक म्हणाले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पण २५ जूनला कोरियात युद्ध पेटलं आणि कम्युनिस्टांच्या भीतीला नवं इंधन मिळालं. सह्या करणाऱ्या सहांपैकी बहुतेक जण हळूहळू गप्प झाले. जानेवारी १९५१मध्ये मॅकार्थींनी स्मिथ यांना चौकशी उपसमितीतून काढून टाकलं आणि त्यांच्या जागी कॅलिफोर्नियाहून नव्याने आलेले सिनेटर रिचर्ड निक्सन यांना घेतलं. १९५२ साली दोन पत्रकारांच्या एका खळबळजनक पुस्तकात स्मिथ यांना कम्युनिस्टांची मित्र ठरवण्यात आलं. त्यांनी खटला भरला, चार वर्षं लढवला आणि १९५६ साली १५,००० डॉलर आणि जाहीर माफी पदरात घेऊन मिटवला.

१९५४ साली मॅकार्थींनी मेनच्या पक्षांतर्गत निवडणुकीत स्मिथ यांच्याविरुद्ध रॉबर्ट जोन्स या तरुण उमेदवाराला पाठबळ दिलं. बाहेरच्या राज्यातला बडा नेता आपल्या माणसाला उभा करतो आणि नावडत्या सदस्याला घरी बसवतो, हा प्रयोग आज सर्रास यशस्वी होतो. तेव्हा तो आपटला. स्मिथ यांना पाच मतं पडली तर जोन्स यांना एक, असं प्रमाण होतं. त्या वर्षी २ डिसेंबरला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांच्यावर ठपका ठेवला. रिपब्लिकन बरोबर दुभंगले होते, २२ बाजूने, २२ विरुद्ध. ठपका ठेवणाऱ्यांत स्मिथ होत्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र गोड होईल. स्मिथ कम्युनिझमबाबत मवाळ मुळीच नव्हत्या. त्याच १९५० साली कम्युनिस्ट संघटनांना नोंदणीची सक्ती करणाऱ्या कायद्याला त्यांनी मत दिलं, आणि पुढे कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणारं विधेयकही त्यांनी मांडलं. स्वतंत्र विचाराच्या हक्कावरचं ते भाषण आणि हे विधेयक मला एका मापात बसवता येत नाही. १९६१ साली त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना, अण्वस्त्रं वापरण्याची तुमची तयारी आहे यावर रशियाचा विश्वास उरलेला नाही, असं सभागृहात सुनावलं. त्यावर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना स्त्रीच्या रूपातला सैतान म्हटलं. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी अखेरपर्यंत पाठिंबा दिला. मध्यममार्गी माणूस सगळ्याच प्रश्नांवर मध्यावर उभा असतो असं नाही. स्मिथ काही प्रश्नांवर फार उजवीकडे होत्या, काहींवर उदारमतवाद्यांच्या रांगेत. नागरी हक्कांच्या १९६४च्या कायद्याला त्यांनी मत दिलं, त्यांच्या पक्षाचे त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोध केला.

सर्व प्रश्नांवर सारखी होती ती त्यांची मत देण्याची पद्धत. निर्णय कुणाला आधी सांगायचा नाही, मताच्या बदल्यात काही मागायचं नाही, आणि मत चुकवायचं नाही. १ जून १९५५पासून ६ सप्टेंबर १९६८पर्यंत त्यांनी सलग २,९४१ मतदानांत भाग घेतला. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावं लागलं तेव्हा ती साखळी तुटली. प्रचारासाठी आलेल्या देणग्या त्या परत पाठवत. अधिवेशन चालू असताना प्रचाराला जात नसत. कोटावर रोज एक ताजं गुलाबाचं फूल असे, आणि गुलाब हे देशाचं फूल व्हावं यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं जो पाठपुरावा केला, त्याला १९८६ साली रेगन यांच्या कारकिर्दीत यश आलं.

गुप्ततेच्या या सवयीचा दणका पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या निक्सन यांच्या सरकारलाही बसला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयावर जी. हॅरल्ड कार्सवेल यांची नेमणूक सिनेटसमोर होती. कार्सवेल यांच्या वकुबाबद्दल आणि वंशभेदाच्या जुन्या वक्तव्यांबद्दल शंका होत्या, मतं काठावर होती. व्हाइट हाउसमधून काही सिनेटरांना सांगण्यात आलं की स्मिथ आमच्या बाजूने आहेत. स्मिथ यांनी तसं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्या नावाचा असा वापर झाल्याचं कळल्यावर त्या संतापल्या. ८ एप्रिलला नेमणूक ५१ विरुद्ध ४५ मतांनी फेटाळली गेली, आणि स्मिथ यांचं मत विरोधात होतं. त्याआधीच्या वर्षी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरचा खर्च रोखणाऱ्या त्यांच्या दुरुस्तीवर ५० विरुद्ध ५० मतं पडली, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी विरोधात मत टाकलं. सैन्याच्या कट्टर समर्थक बाई सैन्याला एका यंत्रणेसाठी पैसे नाकारत होत्या, कारण ती यंत्रणा चालेल असं त्यांना पटलेलं नव्हतं.

राष्ट्राध्यक्षपदाची गोष्टही अशीच सरळ. १९५२ साली एका मुलाखतकाराने विचारलं होतं, एक दिवस जागं होऊन बघितलं की आपण व्हाइट हाउसमध्ये आहोत, तर काय कराल? मिसेस ट्रुमन यांची माफी मागेन आणि घरी जाईन, असं उत्तर त्यांनी दिलं. बारा वर्षांनी, २७ जानेवारी १९६४ रोजी, वॉशिंग्टनमधल्या महिला पत्रकारांच्या क्लबात त्यांनी उमेदवारी का करू नये याची कारणं एकामागून एक वाचली: स्त्री आहे, पैसा नाही, यंत्रणा नाही, प्रचाराला गेलं तर सिनेटमधली मतदानं चुकतील. मग म्हणाल्या, याच कारणांसाठी मी उभी राहते आहे. न्यू हॅम्पशायरच्या थंडीत त्या फिरल्या, पाचव्या आल्या. इलिनॉयमध्ये गोल्डवॉटर यांच्यासमोर त्यांना सुमारे एक चतुर्थांश मतं पडली. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात जॉर्ज एकन यांनी त्यांचं नाव सुचवलं. हे तेच एकन, ज्यांची १९५०च्या निवेदनावर सही होती. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी एका स्त्रीचं नाव रीतसर मांडलं जाण्याची ती पहिली वेळ. त्यांना २७ मतं मिळाली. विजयी उमेदवाराची निवड एकमताने झाली असं दाखवण्यासाठी बाकीच्यांनी आपली मतं मागे घेण्याचा तिथे रिवाज आहे. स्मिथ यांनी आपली २७ मतं सोडली नाहीत.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका रस्त्यावर उतरली होती. मे १९७०मध्ये कंबोडियातल्या अमेरिकी लष्करी कारवाईनंतर मेनच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी कोल्बी कॉलेजच्या हिरवळीवर जमले आणि त्यांनी आपल्या सिनेटरना बोलावलं. स्मिथ गेल्या आणि त्यांना फार कठोर प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. त्यांच्या उत्तरांनी कुणाचं समाधान झालं नाही. सैन्याचे अधिकारी खरं तेच सांगतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास त्या पिढीने सोडून दिला होता. मॅकार्थींचे कागद मागून घेऊन तपासणाऱ्या स्मिथ, युद्धाच्या कागदांकडे त्याच नजरेने बघत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या कारकिर्दीतली ही मोठी उणीव आहे. काही आठवड्यांनी, १ जून १९७० रोजी, पहिल्या भाषणाला वीस वर्षं होत असताना, त्या पुन्हा सिनेटमध्ये उभ्या राहिल्या. हिंसक डाव्या गटांना त्यांनी झोडपलं, आणि दुही वाढवणाऱ्या आपल्याच पक्षाच्या सरकारलाही. अराजक आणि दडपशाही एवढेच पर्याय लोकांपुढे उरले तर लोक दडपशाही निवडतील, असा इशारा त्यांनी दिला. हे दुसरं भाषण पहिल्याइतकं गाजलं नाही. मला ते अधिक अस्वस्थ करणारं वाटतं, कारण त्यातला इशारा त्या वर्षापुरता नव्हता.

१९७२मध्ये त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. बिल लुईस यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पक्षांतर्गत लढतीत रॉबर्ट मंक्स या श्रीमंत तरुणाने पैसा ओतला. त्या ती लढत जिंकल्या, पण त्यांचं वय चर्चेत आलं. डेमोक्रॅट उमेदवार विल्यम हॅथवे राज्यभर गावोगाव फिरत होते. स्मिथ मेनमध्ये दिसत नाहीत, राज्यात त्यांची कचेरीसुद्धा नाही, अशी कुजबुज वाढली. देणग्या न घेणं, जाहिराती न करणं, अधिवेशन सोडून न येणं, हे सगळं १९४८मध्ये सचोटीचं लक्षण मानलं गेलं होतं. दूरदर्शनच्या काळात त्याच सवयी दुरावा वाटू लागल्या. हॅथवे यांना ५३ टक्के मतं मिळाली, स्मिथ यांना ४७. जानेवारी १९७३मध्ये त्यांनी सिनेट सोडली तेव्हा तिथे एकही स्त्री उरली नाही, आणि ही स्थिती पाच वर्षं, १९७८पर्यंत टिकली.

सिनेटनंतर त्या बावीस वर्षं जगल्या. विद्यापीठांत शिकवायला गेल्या. १९८२ साली स्कोहेगनमध्ये केनेबेक नदीच्या वर, त्यांच्या घराला लागून, त्यांच्या नावाचं ग्रंथालय सुरू झालं. कारकिर्दीतले कागद तिथे ठेवले गेले आणि शाळेच्या सहली आल्या की त्या मुलांशी स्वतः बोलत. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं. २९ मे १९९५ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्या स्कोहेगनमध्येच वारल्या.

त्या सिनेटमध्ये असतानाच, १९७१ साली, मेनच्या कॅरिबू गावची एक शाळकरी मुलगी विद्यार्थी उपक्रमातून वॉशिंग्टनला आली होती. स्मिथ यांनी तिला कचेरीत बोलावलं आणि जवळजवळ दोन तास तिच्याशी बोलत बसल्या. जे पटतं त्यासाठी ताठ उभी राहा, एवढं त्यातलं आपल्याला पक्कं आठवतं, असं ती मुलगी, सुझन कोलिन्स, पुढे अनेकदा सांगत आली. १९७८मध्ये हॅथवे यांना हरवून विल्यम कोहेन यांनी ती जागा रिपब्लिकन पक्षाकडे परत आणली, आणि १९९७पासून त्याच जागेवर कोलिन्स आहेत. सलग मतदानाची परंपरा त्यांनीही जपली आहे. गेल्या काही वर्षांत त्यांचा पक्ष जसजसा बदलला, तसतसं मेनमध्ये स्मिथ यांचं नाव पुन्हा पुन्हा निघू लागलं. सर्वोच्च न्यायालयाची नेमणूक असो की राष्ट्राध्यक्षावरचा महाभियोग, कोलिन्स काय मत देतात हे बघितलं जातं आणि १ जून १९५०च्या भाषणाशी त्याची तुलना केली जाते. ती तुलना पूर्ण न्याय्य नाही. स्मिथ यांना एका आठवडाअखेरीत आपल्याच पक्षातले सहा सह्या देणारे सापडले, कारण तेव्हाच्या रिपब्लिकन पक्षात ईशान्येकडचे उदारमतवादी खऱ्या अर्थाने नांदत होते. आणि पक्षांतर्गत निवडणुकीत मॅकार्थींच्या माणसाला पाचास एक या प्रमाणात परत पाठवणारे मतदार त्यांच्या पाठीशी होते. तरीही मेनचे लोक तुलना करतात, आणि त्यांनी ती करत राहावी.